चांगलं वागलं की ‘ये लोग ऐसेच करते हैं’, मग ख्रिस्ती माणसाने साक्ष द्यायची तरी कशी?

दवाबाजार_अकाउंट्स (प्रश्न)

सलाम सगळ्यांना. मी इंदूरचा, वय २७. आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले आणि इकडचेच झाले, त्यामुळे घरात मराठी, मंडळीत हिंदी आणि ऑफिसात पक्की इंदोरी, तेव्हा भाषा गडबडली तर सांभाळून घ्या.

मी दवाबाजारात औषधांच्या एका होलसेलरकडे अकाउंट्स बघतो. स्टाफमध्ये ख्रिस्ती मी एकटाच. सगळे ‘फादर’ म्हणतात, ते प्रेमानेच, त्याचं काही नाही. गेल्या महिन्यात गोडाऊनमधल्या एका पोराचे वडील एमवाय हॉस्पिटलला अॅडमिट होते, घरी दुसरं माणूस नाही, पोरगा दिवसभर पेट्या उचलून रात्री तिकडे जागायचा, म्हणून काही रात्री मी थांबलो. म्हंजे काही मोठं नाही केलं, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारायची, ओठांना पाणी लावायचं, एवढंच. तर ऑफिसातलाच एक जण टपरीवर सगळ्यांसमोर त्या पोराला म्हणाला, ‘संभाल के भिया, ये लोग ऐसेच शुरू करते हैं.’ आता तो पोरगा माझ्याशी बोलताना आजूबाजूला बघून बोलतो, आणि मला खरं सांगू का, अपमानापेक्षा ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यात रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश नेमका मत्तय ५:१६ वर, की तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. घरी येऊन पुढे वाचत गेलो तर लगेच सहाव्या अध्यायात प्रभूच सांगतो की लोकांनी पाहावं म्हणून काही करू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. मग दाखवायचं की लपवायचं? मंडळीतल्या एक काकू म्हणतात रोज स्टेटसला वचन टाक, तीच साक्ष. टाकतो पण, पण शेठ कच्च्यात, म्हंजे पक्कं बिल न करता, माल देतो आणि त्या चिठ्ठ्यांची वही मीच लिहितो, मग सकाळी वचन आणि दुपारी कच्ची वही हे मलाच विचित्र वाटतं. शिवाय नवीन वर्षाला सगळा स्टाफ खजरान्याच्या गणपतीला जातो तेव्हा मी जावं का, प्रसादाचं काय, हे वेगळंच. कोणी अनुभवी असेल तर सांगा, पुस्तकी नको.

---

निवृत्त_सिस्टर

बाळा, माझं आयुष्य वॉर्डात गेलं त्यामुळे दवाखान्याचं मी सांगते, बिलांचं मला कळत नाही.

आधी एक काम कर. त्या टपरीवर बोललेल्या भियाला सरळ म्हण, आज रात्री तू ये माझ्याबरोबर, बारापर्यंत तू, नंतर मी. आला तर पेशंटला दोन माणसं मिळाली आणि तू तिथे काय करतोस ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. नाही आला तर निदान पुढच्या वेळी बोलायला तोंड राहणार नाही. एकट्याने गुपचूप चांगलं करायला गेलं की लोकांना शंका येतेच रे, आणि आताच्या दिवसांत तर येणारच, त्यात तुझा दोष नाही पण त्याचाही पूर्ण नाही, त्याने जे ऐकलंय तेच तो बोलला.

मी नवीन असताना एक मल्याळी सिस्टर आमच्या इन्चार्ज होत्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात, ते सगळ्याच करायच्या, कमीजास्त. पण ह्या बाई रात्री तीन वाजतासुद्धा कूस बदलल्यावर खालची चादर हाताने ताणून तिची एकेक सुरकुती काढायच्या, कारण सुरकुती टोचते आणि बेशुद्ध माणसाला सांगता येत नाही. बघायला कोण होतं? डॉक्टर झोपलेले, नातेवाईक झोपलेले, आणि पेशंट तर बेशुद्धच. त्यांनी मला कधी एक वचन ऐकवलं नाही, पण मी घरी मुलांना रविवारच्या शाळेत घालायला लागले ती त्यांच्यामुळे, नाहीतर आमचं ख्रिस्तीपण नाताळापुरतंच होतं.

एक कडक सांगते. आजारी माणसाच्या उशाशी बसून धर्माचं काही काढायचं नाही. तो उठून जाऊ शकत नाही, तुला नको म्हणू शकत नाही. त्याने स्वतः विचारलं, बेटा प्रार्थना कर, तर कर, दोन वाक्यांत, आणि त्याच्या घरच्यांसमोर कर.

---

रंगपंचमी_गेर

मी ख्रिस्ती नाही, मराठी आहे, सुदामा नगरला राहतो, सहज वाचत होतो तर म्हटलं बाहेरून कसं दिसतं ते लिहावं, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

आमच्या कॉलनीच्या समितीत बरीच वर्षं एक ख्रिस्ती गृहस्थ खजिनदार होते. गणपतीची वर्गणी पण त्यांच्याकडेच जमायची, विचार करा. कारण काय, तर हिशेबाचा कागद ते दर महिन्याला जिन्याखाली चिकटवायचे, अगदी ‘झाडू १, टाकी साफ, चहा ६ कप’ इथपर्यंत. एकदा हिशेबात पैसे जास्त निघाले, कमी नाही हं, जास्त, तर ह्या माणसाने दारोदार फिरून कोणी दोनदा दिलेत ते शोधून काढलं, आणि ते निघाले नेमके त्यांच्याशी पार्किंगवरून भांडलेल्या गृहस्थांचे. नेऊन दिले. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आजही फार काही माहीत नाही, पण माझ्या मुलाला ‘हिशेब त्या काकांसारखा ठेव’ असं मी सांगतो हे खरं आहे.

आणि काय खटकतं तेही सांगतो. त्यांचेच एक नातलग यायचे, ते लिफ्टमध्ये भेटले तरी तुम्हाला शांती मिळाली का म्हणून विचारायचे. अहो सकाळी साडेआठला मुलाची बस चुकतेय, कसली शांती. दोघं एकाच घरातले, एकाच चर्चमधले, पण एकाला बघून आम्ही थांबायचो आणि दुसऱ्याला बघून जिन्याने जायचो. तुमच्या त्या काकूंना सांगा, स्टेटस म्यूट करता येतं, हिशेबाचा कागद नाही करता येत.

---

केडगावची_नात

वरच्या सगळ्यांचं पटलं पण एक भीती वाटतेय की धागा ‘गप्प राहा आणि चांगलं वागा’ इकडे चाललाय. मला ते अर्धंच वाटतं. माझी आजी लहानपणी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढली, म्हणून रमाबाईंची गोष्ट आमच्या घरात घरच्या बाईची सांगावी तशी सांगतात, आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे आला होता.

रमाबाईंनी १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्म कोणावर लादायचा नाही, हा शब्द दिलेला. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती, आणि सकाळी त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. झालं, पुण्यात गदारोळ, केसरीतून टीका, १८९३मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, कितीतरी पालक मुलींना घेऊन गेले. रमाबाईंना सोपं होतं की, दार लावून घ्यायचं. नाही लावलं. आणि आत या म्हणून कोणाला ओढलंही नाही.

तेव्हा दाखवायचं की लपवायचं ह्याला मला तरी हेच उत्तर सुचतं. सहाव्या अध्यायात प्रभू तीन गोष्टींची नावं घेऊन बोलतो, दानधर्म, प्रार्थना, उपास, आणि रागावतो कोणावर, तर जे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून लोकांनी वाहवा करावी म्हणून करतात त्यांच्यावर. पाचव्यात सत्कर्मं पाहून लोकांनी गौरव करायचा तो स्वर्गातल्या पित्याचा, तुझा नाही. म्हणजे दोन्हीकडे भांडण एकाच गोष्टीशी आहे, की वाहवा कोणाच्या खात्यात जाते. अकाउंट्सवाल्याला हे मी काय सांगू.

आणि कोणी विचारलं की का रे थांबतोस रात्री, तर ‘असंच’ म्हणू नकोस. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आहे ना, आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे. म्हण, की आजारी माणसाला भेटलं तर मला भेटलात असं प्रभू म्हणतो, म्हणून थांबतो. एका वाक्याचं काम आहे. ते टाळलंस की समोरच्याला वाटतं काहीतरी लपवतोय, मग त्याची शंका अजून वाढते.

पुढे १८९६-९७च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली-बायका केडगावला घेऊन गेल्या, शेकडोंनी. तेव्हा टीका करणारे किती जण गेले होते ते मला विचारू नका, मी चिडते.

---

कच्चं_पक्कं

मी टॅक्सचं काम करतो त्यामुळे ज्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही तो मी घेतो. भावा, एमवायच्या रात्रींपेक्षा तुझी खरी साक्ष त्या वहीत आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि टपरीवर बोलणारा तो माणूस मनात म्हणत असेल की फादर पण आमच्यासारखाच, वही तर हाच लिहितो. तो बोलत नसला तरी त्याला माहीत आहे, दवाबाजारात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

पहिलं म्हणजे वहीतलं अक्षर तुझं आहे. उद्या धाड पडली तर शेठ म्हणणार मला काय माहीत, अकाउंटंट लिहायचा. हे झालं तुझ्या कातडीचं. पण श्रद्धेच्या नावाने बोलायचं तर औषधात कच्चं म्हणजे कापडातल्या कच्च्यासारखं नसतं. पक्क्या बिलावर बॅच नंबर असतो, एक्स्पायरी असते. कच्च्यात गेलेल्या स्ट्रिपचा मागमूसच राहत नाही, म्हणजे उद्या ती बॅच तपासणीत खराब निघाली आणि परत मागवायची वेळ आली तर ती कुठल्या गावच्या कुठल्या दुकानात गेली हे सांगायला कागदच नाही. ती गोळी बडवानीकडे कुठेतरी कोणाची तरी आई खाऊन मोकळी. शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणतात ना, तो शेजारी हा असा असतो, तुला कधी दिसत पण नाही.

म्हणून नोकरी सोड म्हणत नाहीये. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं, तर तो नोकरी सोडा नाही म्हणत, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका म्हणतो. जक्कय नावाच्या जकातदाराचं पण तेच, चौपट परत करीन म्हणाला, जकातीचं काम सोडलं असं कुठे लिहिलेलं नाही. तू शेठला एकट्याला गाठ, दुकानात गर्दी असताना नाही, दिवाळीच्या हिशेबाआधी तर नाहीच, आणि उपदेश न देता सांग की शेठ, पक्क्याचं सगळं काम रात्री दहापर्यंत बसून करीन पण ही वही माझ्याने होणार नाही, दुसऱ्या कोणाला द्या. बॅच नंबरची गोष्ट सांग, शेठलोकांना ती कळते, कारण केस झाली तर लायसन त्यांचं जातं. धर्म मध्ये आणू नकोस, शेठला वाटेल तू स्वतःला त्याच्यापेक्षा वरचा समजतोस.

फळ काय मिळेल? माझ्या ओळखीच्या एकाने असं केलं, त्याचं इन्क्रिमेंट अडकलं आणि टेबल एसीतून बाहेर आलं. अजून तिथेच आहे, बाहेरच. खोटा दिलासा कशाला देऊ.

---

दवाबाजार_अकाउंट्स

@कच्चं_पक्कं हे वाचून पोटात गोळा आला. बॅचचं मी कधी असं जोडून बघितलंच नव्हतं, माझ्या डोक्यात ते फक्त टॅक्स वाचवणं होतं. बोलतो शेठशी, दिवाळी झाल्यावर.

@केडगावची_नात पण उत्तर देताना पण भीती वाटते ना, कायदा आहे आपल्याकडे, उद्या कोणी म्हणालं की ह्याने आजारपणात प्रलोभन दिलं?

---

पलासिया_पॅरिश

कायद्याचं मी सांगतो, थोडक्यात. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८पासून आहे, २०२१ला त्याच्या जागी नवीन आणि जास्त कडक आला. गुन्हा आहे तो जबरदस्ती, फसवणूक, प्रलोभन वगैरेने धर्मांतर करण्याचा. रात्री कोणाच्या बापाजवळ बसणं हा गुन्हा नाही, विचारल्यावर मी ख्रिस्ती आहे सांगणं हाही नाही. पण मदतीला कसलीही अट, सूचक सुद्धा, चिकटवायची नाही. कायदा नसता तरी नसती चिकटवायची. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकटा, तोही शोमरोनी, म्हणजे परका. उरलेले नऊ आले नाहीत म्हणून त्यांचा रोग परत नाही आला.

आणि तुम्ही लोक केडगाव-पुण्याला जाऊन आलात, पण इंदूरचं कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मी कॅथलिक आहे म्हणून मला आधी सिस्टर राणी मारिया आठवतात. मूळच्या केरळच्या, उदयनगर भागात गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करायच्या. त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत न्यायचं, सरकारी योजना समजावायच्या, असं काम. ज्यांचा धंदा बुडत होता त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, सगळ्या प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं. मारणारा समंदर सिंह.

लोकांना इथपर्यंतच माहीत असतं. पुढचं असं, की त्यांची धाकटी बहीण, त्या पण सिस्टर, सेल्मी पॉल, २००२मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आल्या. नंतर त्यांच्या आईनेही त्याला क्षमा केली. मुलीचा खुनी समोर आणि आई त्याचे हात हातात घेते, मी नुसतं लिहिताना थांबलो. कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ला तो सुटला, केरळला त्यांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरलाच सिस्टरना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मी त्या मैदानात होतो. तुमचा तो टपरीवर बोलणारा त्यामानाने काय, फार तर एक कट चहा पाजायचा आहे त्याला.

---

निवृत्त_सिस्टर

पलासियावाल्या भाऊंनी बरं आठवण करून दिली. पण मला एक बोलायचंय, असल्या मोठ्या गोष्टी ऐकल्या की आपल्याला वाटतं आपल्याकडून हे व्हायचं नाही, आणि मग आपण करण्यासारखं छोटंही सोडून देतो. राखीच्या आधी सात वर्षं गेली होती, ते पण लक्षात घ्या. त्या घरात त्या सात वर्षांत काय काय झालं असेल, किती वेळा जेवण तसंच राहिलं असेल. तेव्हा तुला लगेच राग गिळता आला नाही तर मी वाईट ख्रिस्ती असं मनाला लावून घेऊ नकोस.

खजरान्याचं राहिलं. तू जा त्यांच्याबरोबर, गाडीत बस, चपला सांभाळ, बाहेर सगळ्यांबरोबर कचोरी खा. प्रसादाबद्दल आपल्यातच दोन मतं आहेत.

---

केडगावची_नात

दोन मतं कशी, पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना. १० व्या अध्यायात, समोर ठेवलेलं खा, चौकशी करू नका, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला अर्पण केलेलं आहे तर खाऊ नका. मी हात जोडून नम्रपणे नाही म्हणते. कोणालाही वाईट वाटलेलं नाही आजपर्यंत, आमच्या शेजारच्या आजी तर माझ्यासाठी नैवेद्य दाखवायच्या आधीचा शिरा वेगळा काढून ठेवतात.

---

पलासिया_पॅरिश

पूर्ण वाचा ताई, तिथेच पुढे आहे की ते समोरच्याच्या विवेकासाठी, आपल्या नाही. आणि आठव्या अध्यायात तर खाल्ल्याने आपण बरे होत नाही न खाल्ल्याने वाईट होत नाही असंही आहे. मी हातात घेतो, धन्यवाद म्हणतो. ज्याने दिलं त्याने प्रेमाने दिलं. ज्याच्या मनाला टोचतं त्याने नाही घ्यावं, पण घेणाऱ्याला कमी लेखू नये, रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढा.

---

केडगावची_नात

चौदावा मी पण काढलाय, त्यात न खाणाऱ्यालाही तुच्छ मानू नका असं आहे 😄 असो, इथे आपलं जमणार नाही.

---

रंगपंचमी_गेर

भांडा, भांडा, आम्हाला बरं वाटतं, आमच्याकडे पण एकादशीला साबुदाणा चालतो की नाही यावर असंच चालतं.

सिस्टरताई, एक अवांतर विचारतो. आमच्या त्या खजिनदार काकांकडून नाताळात करंज्यांबरोबर अनारसे यायचे, जाळीदार, दिवाळीत आमच्याकडे कधीच तसे जमले नाहीत. काकू आता मुलाकडे पुण्याला असतात. बायको विचारतेय तुमच्याकडे पीठ कसं करतात.

---

निवृत्त_सिस्टर

तांदूळ जुना घ्या, नवा नको. तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग कपड्यावर पसरून अर्धवट सुकवून दळायचा, पूर्ण सुकवला तर जाळी पडत नाही. लगेच किसलेला गूळ मळून डब्यात दाबून ठेवा, निदान पाच-सहा दिवस. तळताना तूप मंद, खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचं. विरघळायला लागला तर पिठात गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी मिसळा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी घालतेच आहे, वहिनींना म्हणावं या, हाताखाली कोणीतरी लागतंच.